दिव्यांगांची माहिती : संस्थेकडे सोपविलेली ठेव

खाम नदीच्या पलीकडे, छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस वसलेली छावणी महानगराला लागून असली तरी तिची घडण निराळी आहे. तिचा नागरी कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील छावणी परिषदेकडून, २००६ च्या छावणी अधिनियमानुसार चालत आला आहे. लष्कराच्या ताब्यातील प्रशस्त जागा वगळल्या तर नागरी वस्ती आटोपशीर आणि दाट आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली कुटुंबे एकमेकांना नावानिशी ओळखतात, आणि गुरुवारच्या बाजारात कोणाच्या घरी काय चालले आहे याची वार्ता भाजीबरोबर घरोघर पोहोचते. अशा वस्तीत दिव्यांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेच्या कपाटात किंवा संगणकात जी माहिती साठते, तिचे मोल आणि तिचा धोका ही दोन्ही मोठ्या शहरातल्यापेक्षा अधिक असतात.

दिव्यांग मुलाची नोंदणी करण्यास कुटुंबे पुष्कळदा का कचरतात, याचा शोध घेतल्यास अज्ञान आणि गरिबी यांच्याबरोबर आणखी एक कारण हाती लागते. मुलाला मानसिक आजार आहे, किंवा मुलीची बौद्धिक वाढ वयाच्या मानाने कमी आहे, हे चारचौघांत गेले तर थोरल्या बहिणीचे लग्न अडेल, अशी ती भीती असते. ही भीती चुकीची म्हणून सोडून देता येत नाही, कारण समाजाचे वागणे तिला पुष्कळदा खरे ठरविते. कुटुंब संस्थेकडे आले नाही तर प्रमाणपत्र निघत नाही. प्रमाणपत्र नसेल तर निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, प्रवास सवलत, सहायक साधने आणि नोकरीतील आरक्षण ही सारी दारे बंद राहतात. म्हणून माहितीची गुप्तता हे संस्थेच्या कामातील शिष्टाचाराचे कलम समजून चालणार नाही. तिच्यावाचून मूल सेवेपर्यंत पोहोचतच नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती होत्या. ही गणना १९९५ च्या जुन्या कायद्याच्या काळातील होय. त्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. या वाढीचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. नव्याने आलेल्या प्रकारांपैकी थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारखे कित्येक प्रकार डोळ्यांना दिसत नाहीत. कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाचे दिव्यांगत्व रस्त्यावरचा कोणीही पाहतो; सिकलसेल असलेल्या तरुणीचे दिव्यांगत्व केवळ कागदावर असते. तो कागद ज्याच्या हाती पडला, त्याच्या हाती तिचे गुपित पडले.

एका व्यक्तीविषयी संस्थेकडे किती माहिती जमते हे पाहिल्यास आश्चर्य वाटते. नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, बँक खाते, छायाचित्र, वैद्यकीय निदान, दिव्यांगत्वाचे शेकडा प्रमाण, बुद्ध्यंक चाचणीचा अहवाल हे झाले कागदावरचे. त्याखेरीज समुपदेशनाच्या वेळी आई जे सांगते ते वेगळेच. नवऱ्याचे व्यसन, सासरची वागणूक, मुलावर कोणी हात उगारला, कोणी वाईट नजरेने पाहिले, अशा गोष्टी कार्यकर्तीच्या वहीत उतरतात, आणि त्या वहीला बहुधा कुलूप नसते.

छावणीत या कागदांचा प्रवासही अंमळ लांबचा असतो. प्रमाणपत्र व विशिष्ट ओळखपत्र यांसाठी केंद्र शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालय, पालकत्वाच्या प्रश्नासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती आणि स्थानिक नागरी सोयींसाठी छावणी परिषद, अशी निरनिराळी कार्यालये समोर येतात. प्रत्येक ठिकाणी प्रती द्याव्या लागतात. वृद्ध आईबापांना हे हेलपाटे झेपत नाहीत, म्हणून संस्थेचा कार्यकर्ता आधारपत्राचे आणि प्रमाणपत्राचे छायाचित्र आपल्या भ्रमणध्वनीवर घेतो व व्हॉट्सॲपवरून पुढे धाडतो. हेतू चांगला असतो. पण काम झाल्यावर ती चित्रे त्या यंत्रात तशीच राहतात, आणि यंत्र घरच्या मुलांच्या हाती खेळायला जाते. काम संपताच अशी चित्रे पुसून टाकणे आणि जेथे चालेल तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारे आधारपत्र देणे, हे दोन उपाय बिनखर्चाचे आहेत.

कायदा काय सांगतो

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. दिव्यांगांच्या बाबतीत हे तत्त्व त्याआधीच मान्य झाले होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये संमत केलेल्या करारनाम्याच्या बाविसाव्या अनुच्छेदात, दिव्यांगांच्या आरोग्यविषयक व पुनर्वसनविषयक माहितीची गुप्तता इतर नागरिकांच्या बरोबरीने राखली पाहिजे, असे बंधन आहे. भारताने २००७ मध्ये या करारनाम्यास अनुसमर्थन दिले. मानसिक आजार असलेल्यांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने गोपनीयतेचा स्वतंत्र हक्क दिला आहे.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३. विदा म्हणजे नोंदवून ठेवलेली माहिती. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, माहिती बाळगणाऱ्यांवरील बहुतेक कर्तव्ये त्या अधिसूचनेनुसार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची आहेत. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगणे, संमती घेणे, ठरलेल्या कामापुरतीच ती वापरणे, तिचे रक्षण करणे, काम संपल्यावर ती पुसून टाकणे आणि तक्रार ऐकून घेणे, अशी ही कर्तव्ये आहेत. सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मिळण्याची सोय असली पाहिजे, म्हणजेच मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांना येथे स्थान आहे. छावणीसारख्या मिश्र वस्तीत ही तरतूद विशेष उपयोगी आहे. दिलेली संमती परत घेता आली पाहिजे, आणि ती घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

रक्षणात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा बड्या व्यवसायांना डोळ्यांसमोर ठेवून घातलेला दिसतो. दंड ठरविताना कसुरीचे गांभीर्य व स्वरूप पाहावयाचे असल्याने, दोन खोल्यांच्या संस्थेने त्याने हबकून जाण्याचे कारण नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हा कायदा संगणकावरील किंवा कागदावरून संगणकात उतरविलेल्या माहितीला लागू आहे. निव्वळ कागदी नोंदवही त्याच्या कक्षेत येत नाही. लहान संस्थांचे निम्मे जग अद्याप कागदी आहे. जी संस्था कायद्याच्या शब्दापुरतीच पाहील, ती संगणकाला परवलीचा शब्द लावील आणि नोंदवही टेबलावर उघडी ठेवील.

संमती कोणाची

सर्वाधिक घोटाळा या प्रश्नावर होतो. दिव्यांग व्यक्ती पंचवीस वर्षांची असली तरी अर्जावर वडिलांची सही घेण्याची सवय संस्थांना जडलेली आहे. २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता आहे असे मानले आहे. अंध, बधिर किंवा अस्थिव्यंग असलेल्या प्रौढाची संमती त्याची स्वतःचीच हवी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते. प्रौढ झाल्यावर मात्र, बौद्धिक दिव्यांगत्व असले तरी, आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी न्यायालयाकडून, पदनिर्देशित अधिकाऱ्याकडून किंवा १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीकडून नेमणूक व्हावी लागते. २०२५ च्या नियमांनीही, पालक म्हणून संमती देणाऱ्याची अशी नेमणूक झाली आहे याची खातरजमा करण्यास सांगितले आहे. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात व बहुविध दिव्यांगत्व यांच्या बाबतीत ही नेमणूक वेळीच करून घेण्यास संस्थांनी कुटुंबांना मदत केली पाहिजे. ज्यांना थोड्या आधाराने निर्णय घेता येतो त्यांच्यावर मात्र पालक लादला जाऊ नये.

संमतीचा अर्ज समोर सरकवून ‘येथे सही करा’ म्हणणे ही संमती नव्हे. अंध व्यक्तीला तो वाचून दाखवावा लागतो, शक्य तर ब्रेलमध्ये किंवा ध्वनिफितीवर द्यावा लागतो. आणि वाचून दाखविणारा शेजारी असला, तर अर्जातील माहिती शेजाऱ्याला कळते हेही ओळखावे लागते. बधिर व्यक्तीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. सांकेतिक भाषेचा जाणकार मिळाला नाही की घरातील कोणी दीर किंवा नणंद दुभाषी म्हणून बसते. एखाद्या बधिर विवाहितेला घरात मारहाण होत असेल, तर तिने ती कोणाच्या देखत सांगावी? दुभाषी घराबाहेरचा असावा आणि त्याने गुप्ततेची लेखी हमी दिलेली असावी, एवढी दक्षता घेतली तरच असे सत्य वहीपर्यंत पोहोचते.

देणगीदार, शिबिरे आणि छायाचित्रे

संस्थेला पैसा लागतो आणि देणाऱ्याला हिशेब हवा असतो. दोन्ही रास्त आहेत. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील सामाजिक दायित्वाच्या तरतुदीमुळे छावणीला जवळ असलेल्या वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांकडून स्थानिक संस्थांना निधी मिळू शकतो. अशा निधीबरोबर लाभार्थ्यांची यादी, कधी आधारपत्राच्या प्रतींसह, मागितली जाते. वास्तविक खर्च झाला की नाही हे तपासण्यासाठी निदान कळण्याची गरज नसते. संख्या, वयोगट आणि साधनांचा प्रकार एवढे देणगीदाराला पुरते. मूळ पावत्या लेखापरीक्षकाने संस्थेच्या कार्यालयात पाहाव्यात.

नावे गाळली की काम झाले, असेही नाही. अहवालात ‘छावणीतील नऊ वर्षांची अंध मुलगी, वडील रिक्षाचालक’ असे छापले तर नाव न छापताही सारी गल्ली तिला ओळखते. महानगरात जी माहिती निनावी असते ती लहान वस्तीत निनावी राहत नाही. म्हणून वय अचूक न देता गट द्यावा आणि वडिलांचा धंदा वगळावा.

साधनवाटपाच्या शिबिरांत ध्वनिक्षेपकावरून नाव आणि त्यापाठोपाठ दिव्यंगत्वाचा प्रकार पुकारण्याची पद्धत बंद करण्यास काहीच अडचण नाही. क्रमांक पुकारला तरी तीनचाकी सायकल मिळतेच. तीच गोष्ट छायाचित्रांची. सायकलवर बसलेला मुलगा आणि मागे हसत उभे असलेले पाहुणे हे दृश्य वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत छापून आले आहे. साधन स्वीकारणारा त्या क्षणी ‘नको’ म्हणू शकत नाही, हे समजण्यास कायद्याची गरज नसावी. छायाचित्राची संमती वेगळ्या कागदावर, वाटपाच्या दिवशी न घेता आधी घ्यावी, आणि नकार दिला तरी साधन मिळेल हे त्यावर ठळक लिहावे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा तर २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये गुन्हाच आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

कपाटाची किल्ली

रक्षणाची व्यवस्था खर्चिकच असली पाहिजे असे नाही. कोणती नोंद कोणी पाहावयाची हे ठरविणे ही तिची सुरुवात. वाहनचालकाला पत्ता पुरतो, त्याला बुद्ध्यंक कळण्याचे कारण नाही. हिशेबनीसाला रक्कम पुरते. समुपदेशनाची वही समुपदेशकाखेरीज विश्वस्तांनीही सहज उघडू नये. सुट्टीत मदतीला येणारे विद्यार्थी स्वयंसेवक उत्साही असतात. त्यांच्याकडून हमीपत्र घ्यावे आणि त्यांच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर याद्या देऊ नयेत. पालकांचा व्हॉट्सॲप गट ही आज सोय झाली आहे, पण त्या गटावर एका मुलाचा अहवाल चुकून गेला तर तो परत घेता येत नाही. संगणकातील माहिती फुटली किंवा यंत्र हरवले, तर संबंधित कुटुंबांना विनाविलंब कळविणे आणि विदा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील देणे नव्या नियमांनी आवश्यक ठरविले आहे. लाजेपोटी गप्प राहण्याचा मोह संस्थांना होतो. कुटुंबाला वेळीच कळले तर ते निदान बँक खाते तरी सांभाळू शकते.

जुन्या कागदांचे काय करावे, हा प्रश्न बहुतेक संस्था पुढे ढकलतात. सहाव्या वर्षी वाचा-उपचार घेतलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी नोकरी करीत असतो; त्याच्या बालपणीच्या चाचण्या संस्थेत पडून राहण्यात त्याचा काहीही लाभ नसतो. हिशेबाचे कागद कायद्याने ठरविलेल्या मुदतीपर्यंत ठेवावेच लागतात. बाकीचे मूळ कागद कुटुंबाला परत करावेत आणि प्रती फाडून, शक्य तर भिजवून लगदा करून, नष्ट कराव्यात. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याची रीत अद्याप आहे, आणि रद्दीचा कागद कोठे जातो हे आठवडी बाजारात फुटाण्याची पुडी घेणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे.