समान संधी कक्षातला एक दिवस

सकाळी १०. कुलूप काढायच्या आधीच दारात तिघं-चौघं उभी आहेत. सगळी महाडीबीटीची, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अडकलेली. धडगावकडच्या एका मुलाची शिष्यवृत्ती मंजूर झालीय, पण पैसे जमा होईनात. आधार जोडलंय ते शाळेत असताना काढलेल्या खात्याला, आणि व्यवहार नसल्यामुळे ते खातं बंद पडलंय. "मॅडम, मेसवाले थांबायला तयार नाहीत," तो खाली बघून सांगतो. बँकेसाठी अर्ज लिहून देते, रेक्टरांना मुदतीचं पत्र देते. गुणवत्तेवर प्रवेश मिळवलेली मुलं अशा कारणांनी गावी परत जातात, याचा मला मनापासून संताप येतो.

११.३०. एका विभागाच्या सूचनाफलकावर शिष्यवृत्तीची यादी लागलीय, प्रत्येक नावापुढे जात. यूजीसीच्या २०१२ च्या नियमावलीनुसार राखीव प्रवर्गातला म्हणून कुणाला वर्गात वेगळं दाखवणं हा भेदभाव आहे. मग फलकावर कसं चालेल? लिपिकांना विनंती करते. भले गृहस्थ, लगेच यादी उतरवतात. नवी यादी फक्त आसन क्रमांकांची.

१. ग्रंथालयाच्या पायरीशी रॅम्पचं काम चाललंय. पायरी ६ इंचांची. मुकादम म्हणतात, "तीन फुटांत बसतंय की, मॅडम!" बसतं, पण चढता येत नाही. उंचीच्या बारा पट लांबी हवी, म्हणजे ६ फूट. तीन फुटांच्या चढावर चाकाची खुर्ची ढकलताना हात भरून येतात, उतरताना ती आवरत नाही. तिथंच टेप धरून खडूनं रेघ मारली. व्हीलचेअरवरून येणाऱ्या एमएच्या विद्यार्थिनीलाही बोलावून घेतलं. तिनं आणखी एक गोष्ट दाखवली: वर पोचल्यावर दार बाहेर उघडतं, तेव्हा खुर्ची मागे घ्यायला सपाट जागा पाहिजे. आराखड्यात ती नव्हतीच. आता होईल. ज्याला वापरायचंय त्याला विचारल्याशिवाय असली कामं सुरूच करू नयेत.

३. परीक्षा विभाग. लेखनिक घेणाऱ्यांना तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं. तोंडी सांगितलेलं ऐन पेपराच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

४. एका प्राध्यापकांच्या नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे फोटो. अंध विद्यार्थ्याच्या संगणकावरचं एनव्हीडीए, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते वाचू शकत नाही. सरांनी टाइप केलेली प्रत द्यायचं कबूल केलं.

६. वसतिगृहाची मेस. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर सीईटीचा स्कोअर विचारतायत. त्या प्रश्नाआडून जात विचारली जाते, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. सीनियरना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: हा प्रश्न पुन्हा कानावर आला तर लेखी तक्रार होईल.

तुमच्या घरातलं कुणी यंदा कॉलेजात गेलं असेल, तर समान संधी कक्ष कोणत्या इमारतीत आहे हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवायला सांगा. आणि आधार कोणत्या खात्याला जोडलंय, तेही आजच तपासा.