खांद्यावरचा प्राणवायू

हल्ली तालुक्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर किंवा एस.टी.च्या फलाटावर एखादे वेळी असा माणूस दिसतो. खांद्याला शबनमसारखी पिशवी, पिशवीतून निघालेली बारीक पारदर्शक नळी, ती दोन्ही कानांवरून पुढे येऊन दोन छोट्या तोट्यांनी नाकपुड्यांत शिरलेली. पिशवीतून मधूनमधून फुस्, फुस् असा आवाज येतो. पोरे टक लावून बघतात. मोठी माणसे दोन पावले मागे सरतात आणि कोणीतरी हलकेच म्हणते, "ऑक्सिजनवर आहेत हो, आता काही खरं नाही."

मंडळी, हे "काही खरं नाही" आधी मनातून काढून टाका. ऑक्सिजन म्हणजे शेवटची घटका, ही समजूत 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण जे पाहिले त्यामुळे अधिकच घट्ट झाली आहे. पण पिशवी घेऊन गाडीत चढणारा माणूस चालतो आहे, बाजाराला जातो आहे. चालता यावे म्हणूनच ती पिशवी आहे. मात्र ते औषध आहे. औषधाला मात्रा असते, तशी यालाही आहे, आणि ती चुकली तर दोन्ही बाजूंनी घात होतो. आज तेच सांगायचे आहे.

हा रोगी बहुधा कोण असतो? बिडी-सिगारेट ओढणारा, हे उत्तर अर्धेच खरे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात लिहिले, की जन्मात बिडी न ओढलेल्यांनाही हा दमकोंडीचा आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे चुलीचा धूर. चाळीस वर्षे गोवऱ्या आणि ओली लाकडे फुंकणाऱ्या आपल्या आया-आज्या त्यात आल्या. फुप्फुसांतल्या बारीक हवेच्या पिशव्या झिजतात, फाटतात; हवा आत जाते, पण तिच्यातला प्राणवायू रक्तात पुरेसा उतरत नाही.

अशांना घरी प्राणवायू दिला तर आयुष्य वाढते का? याचा हिशेब झाला आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी 1981 मध्ये तो प्रसिद्ध केला. रक्तातला प्राणवायू फार उतरलेले 87 रोगी घेतले. 42 जणांना रोज निदान पंधरा तास प्राणवायू दिला, 45 जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्यांपैकी 19 वारले, दुसऱ्यांपैकी 30. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतला हिशेब आला होता. तिथे 203 रोगी होते. काहींना फक्त रात्री बारा तास दिला. काहींना सोबत नेण्याचे साधन देऊन दिवसरात्र, म्हणजे सरासरी अठरा तास. रात्रीपुरता घेणाऱ्यांत मृत्यू जवळजवळ दुप्पट झाले. याचा अर्थ, घरघर लागली की दहा मिनिटे नळी लावायची आणि बरे वाटले की काढून ठेवायची, हा उपचारच नव्हे. तास भरले पाहिजेत. आणि दिवसाचे पंधरा-अठरा तास माणूस खाटेला बांधून कसा राहील? म्हणून प्राणवायू खांद्यावर आला.

तो एकदम नाही आला. 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात, विषारी वायूने होरपळलेल्या सैनिकांना मुखवट्यातून मोजून प्राणवायू देण्याचे साधन इंग्लंडच्या हाल्डेन यांनी मांडले. पुढे तंबू आले. त्यात रोग्याला झाकून ठेवायचे. 1956 मध्ये कोट्स आणि गिल्सन या डॉक्टरांनी रोग्यांसोबत छोटे नळकांडे देऊन दाखवले, की प्राणवायू घेत चालला तर दमेकरी अधिक चालू शकतो. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या डेन्व्हर शहरात डॉ. थॉमस पेटी यांनी द्रवरूप प्राणवायूचे सामान खांद्याला लावून रोग्यांना फिरायला लावले. त्या काळी डॉक्टर अशांना "पडून राहा" म्हणत.

आताची पिशवी मात्र निराळी. तिच्यात प्राणवायू भरलेला नसतोच! ती तो भोवतालच्या हवेतून वेगळा करते. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू, अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायू. नत्र काढून घेतला की उरतो तो बहुतेक प्राणवायू.

ही किमया करणाऱ्या पदार्थाचा भाऊबंद आपल्या पायाखाली आहे. नाशिक, पुणे, जळगावकडे काळ्या पाषाणात विहीर खणताना खडकाच्या पोकळीत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात, पोरे ते खेळायला नेतात. त्यातले पुष्कळसे झिओलाइट जातीचे असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते मांडलेले आहेत. गुरुजींनी सहल काढली तर मुलांना जरूर दाखवावेत. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड तापवला, तर तो फसफसून उकळल्यासारखा झाला, कारण त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाणी दडलेले होते. म्हणून नाव ठेवले झिओलाइट, म्हणजे ग्रीक भाषेत उकळणारा दगड.

यंत्रातले झिओलाइट कारखान्यात बनवलेले, बारीक पांढरे दाणे असतात. त्याला चाळण म्हणतात, पण ती पिठाची चाळण नव्हे. गवतातून चालताना धोतराला कुसळे चिकटतात, तसा दाबाखाली नत्रवायू या दाण्यांना चिकटतो. प्राणवायू फारसा न अडकता पुढे सरकतो. दाब सोडला की चिकटलेला नत्र सुटून बाहेर पडतो. अशी दोन नळकांडी असतात. दुमोटेची विहीर ज्यांनी पाहिली त्यांना हे लगेच समजेल: एक मोट भरते तेव्हा दुसरी रिकामी होत असते, आणि धार खंडत नाही. यातून शंभरात नव्वद ते पंचाण्णव भाग प्राणवायू मिळतो.

घरात ठेवायचे यंत्र पंधरा किलोच्या आसपास असते आणि मिनिटाला पाच लिटर देते. खांद्यावरचे छोटे यंत्र दोन-अडीच किलोचे. ते मिनिटाला एक लिटरही क्वचितच बनवते. मग त्याच्यावर भागते कसे? पाटाचे पाणी आणि ठिबक, यातला फरक आठवा. घरचे यंत्र सतत वाहते. आपण श्वास सोडतो तेव्हाचा प्राणवायू बराचसा वाया जातो. आत घेतलेल्या अर्ध्या लिटर हवेपैकीही शेवटचा सुमारे दीडशे मिलिलिटर भाग घशात आणि श्वासनळीतच राहतो. छोटे यंत्र नाकातली ओढ ओळखते आणि श्वास सुरू होताच एक छोटी झुळूक सोडते. फुस् आवाज होतो तो तिचाच.

आता नीट लक्ष द्या, कारण फसगत इथे होते. यंत्रावर 1, 2, 3 असे आकडे असतात. डॉक्टरांनी "दोन लिटर" लिहिलेले असते, विक्रेता "दोनवर ठेवा" म्हणतो. तो दोन म्हणजे दोन लिटर नव्हे! ती झुळकीच्या आकाराची पायरी आहे, आणि प्रत्येक कंपनीची पायरी निराळी. गुरुजींनी फळ्यावर हे गणित घालावे. समजा यंत्र मिनिटाला 600 मिलिलिटर बनवते. आजी बसली आहे, पंधरा श्वास घेते. प्रत्येक श्वासाला 40 मिलिलिटर. ती देवळाच्या पायऱ्या चढू लागली, श्वास तीस झाले. आता प्रत्येकी 20. म्हणजे गरज वाढली तेव्हाच बऱ्याच यंत्रांतली झुळूक निम्मी होते.

तेव्हा लाखाच्या पुढची ही वस्तू खुर्चीत बसून विकत घेऊ नये. नळी लावून रोग्याला दवाखान्याच्या पडवीत सहा मिनिटे चालवायचे, बोटाला प्राणवायू मोजण्याचा चिमटा लावायचा आणि आकडा किती उतरतो ते बघायचे. मेंदी किंवा नखरंग असलेले बोट टाळावे. काळ्या त्वचेवर हा चिमटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतो, म्हणून काठावरचा आकडा असेल तर रक्त तपासूनच निर्णय करावा. झोपेत तोंडाने श्वास घेणाऱ्याची ओढ छोट्या यंत्राला कळत नाही. रात्री सहसा घरचे सतत वाहणारे यंत्रच लागते.

आणि प्रत्येक दमणाऱ्याला हे लागत नाही. प्रकृती स्थिर असताना आकडा 88 किंवा त्याखाली असेल तर साधारणपणे विचार करतात. त्याहून बरे, मध्यम उतार असलेल्या 738 रोग्यांवर अमेरिकेत परीक्षा झाली. 2016 मध्ये निकाल आला, की त्यांना घरच्या प्राणवायूने आयुष्यही वाढले नाही आणि दवाखान्याच्या फेऱ्याही कमी झाल्या नाहीत. उलट, दमकोंडीच्या रोग्याला जादा प्राणवायू दिला तर कर्बवायू अंगात साठतो, गुंगी येते. टास्मानियातल्या रुग्णवाहिकांमध्ये 405 जणांवर पाहिले. 2010 च्या अहवालात, भरपूर दिलेल्यांत शंभरी नऊ दगावले, 88 ते 92 वर आकडा राखून मोजका दिलेल्यांत चार. "आजीला धाप लागलीय, पाचावर कर" असे म्हणणारा नातू प्रेमानेच म्हणतो, पण बटण पिळण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

2021 मध्ये आलेली घरगुती यंत्रे कित्येक ठिकाणी अजून कपाटात पडून आहेत. झिओलाइट ओल शोषून घेते आणि मग नत्र धरत नाही. यंत्र चालू होते, भांड्यात बुडबुडे येतात, सगळ्यांना धीर येतो; पण बुडबुडे हवा येते एवढेच सांगतात, तिच्यात प्राणवायू किती ते सांगत नाहीत. असे यंत्र रोग्याला लावण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या यंत्रे सांभाळणाऱ्यांकडून शुद्धता मोजून घ्यावी. शंभरात 82 च्या खाली गेले असेल तर ते उपयोगाचे नाही. वीज जाते तिथे एक नळकांडे राखीव हवेच. दीड हजार लिटरचे नळकांडे मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास पुरते. भारनियमन किती तासांचे, ते ज्याचे त्याला माहीत.

आगीचे तर विसरूच नका. प्राणवायू स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला भडकवतो. तो कपड्यांत, पदरात, केसांत मुरतो. नळी नाकात असताना चूल, स्टोव्ह, समई, उदबत्ती यांपासून दहा फूट तरी लांब बसावे आणि घरात कोणी बिडी पेटवू नये. नाक कोरडे पडले म्हणून तूप किंवा व्हॅसलीन लावू नये. पाण्यात मिसळणारे मलम मागून घ्यावे. पण ज्या बाईची फुप्फुसे चुलीने गेली, तिला चुलीपासून उठवायचे म्हणजे दुसऱ्या कोणी तरी तिच्या जागी बसले पाहिजे, नाहीतर गॅस आला पाहिजे आणि तो संपल्यावर भरलाही पाहिजे. यंत्राची किंमत विचारणाऱ्या घरात ही चौकशी फारशी होत नाही.

आता त्या फलाटावरच्या आजीकडे बघा. तालुक्याला जाऊन यायला तिला चार तास लागतात, आणि एकवर ठेवली तरी तिची बॅटरी साडेतीन तासांची. म्हणून दवाखान्यात पोचल्याबरोबर ती नंबर लावत नाही. आधी भिंतीवर प्लग कुठे आहे ते शोधते. तिला त्याच्या शेजारचे बाक द्या.