वाळूत वाट राखणारे

वाळवंटातल्या लढाईत लष्करी पोलिसांचा बहुतेक वेळ रस्ता सांभाळण्यात जातो, आणि तिथे मुळात रस्ताच नसतो. दिल्ली छावणीत लाल टोपीतला जवान चौकात उभा राहून लष्करी गाड्यांना वाट करून देतो, तेव्हा त्याच्या पायाखाली निदान डांबर असते. जैसलमेरच्या पुढे टेकड्यांचे आकार वाऱ्याबरोबर बदलतात आणि कालच्या चाकोऱ्या सकाळपर्यंत बुजून जातात.

भारतीय लष्करात हे काम कोअर ऑफ मिलिटरी पोलीस करते. तिचे प्रशिक्षण केंद्र बंगळूरला आहे. युद्धावर निघालेल्या प्रत्येक डिव्हिजनबरोबर तिचे एक प्रोव्होस्ट, म्हणजे लष्करी पोलिसांचे, युनिट असते.

१९७१च्या डिसेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धात, राजस्थान आणि कच्छची आघाडी पुण्याच्या सदर्न कमांडकडे होती. लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर तिचे प्रमुख होते. पुढे ते लष्करप्रमुख झाले. जैसलमेर भागात १२ आणि बाडमेर भागात ११ इन्फंट्री डिव्हिजन होती. ११ डिव्हिजन सिंधमध्ये शिरून नया छोरच्या दिशेने बरीच पुढे गेली. शत्रूच्या गोळ्यांइतकाच तिच्या पुरवठ्याला वाळूने त्रास दिला. पाणी, पेट्रोल, दारूगोळा सगळे मागून यायचे, आणि एक ट्रक रुतला की त्याच्यामागची रांग थांबायची.

अशा मोहिमेत प्रोव्होस्टचे जवान आधी वाट पाहून घेतात. वाळू कुठे वजन धरते, कुठे नाही, हे ठरले की दोन्ही कडांना खुणा लागतात: खांब, डबे, बाणाच्या पाट्या. जागोजागी वाहतूक चौकी बसते. कोणता ताफा कधी सुटणार आणि गाड्यांत किती अंतर राहणार, हे चौकीवरून पाळून घेतले जाते. गाड्या चिकटून चालल्या तर मागच्या ड्रायव्हरला धुळीत काही दिसत नाही, आणि वरून येणाऱ्या विमानाला तीच धूळ पत्ता सांगते. रुतलेली गाडी ताबडतोब बाजूला काढायची आणि जखमींना घेऊन मागे येणाऱ्या रुग्णवाहिकेला आधी सोडायचे, हा नियम. पुढे माल कितीही निकडीचा असो, त्यात बदल होत नाही.

रात्री हे सगळे दिवे न लावता करायचे असते. जुन्या लष्करी ट्रकांत मागच्या आसाचा फुगीर भाग पांढरा रंगवून त्यावर एक मिणमिणता दिवा सोडलेला असे. मागच्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा ठिपका दिसायचा; त्याच्यावर नजर ठेवून तो गाडी हाकायचा. अंधारात वाट दाखवण्याची आणखी एक युक्ती दुसऱ्या महायुद्धातली: ऑक्टोबर १९४२मध्ये इजिप्तमधल्या अल अलामीनच्या हल्ल्याआधी ब्रिटिश आठव्या सैन्याने वाळवंटात सहा वाटा आखल्या. त्यांची नावे होती सूर्य, चंद्र, तारा, बाटली, होडी आणि टोपी. पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांत तोच आकार कापून आत कंदील ठेवायचे. अंधारात ड्रायव्हरला वाचायला काही नको, आपला चंद्र दिसला की पुरे. युद्धशास्त्राच्या जाड पुस्तकांत या डब्यांना एखादी ओळ मिळते. त्यांच्याविना हल्ल्याची ती रात्र गोंधळात गेली असती.

वाटेची काळजी नीट न घेतल्यास काय होते, हे ४-५ डिसेंबर १९७१च्या रात्री जैसलमेर भागातल्या लोंगेवालाच्या भारतीय ठाण्यासमोर दिसले. पाकिस्तानी रणगाडे आणि गाड्या मऊ वाळूत अडकल्या, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना ते आयते लक्ष्य मिळाले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या कंपनीने रात्रभर ठाणे राखले, हे खरेच. पण वाळूही त्यांच्याच बाजूने लढली.

लढाई सरकली की मागे युद्धकैदी उरतात. लढणाऱ्या तुकडीने पकडलेले कैदी लष्करी पोलीस ताब्यात घेतात आणि आघाडीपासून दूर नेतात. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगावे लागते. त्याच्याजवळचे पैसे अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय काढून घेता येत नाहीत, आणि घेतले तर पावती द्यावी लागते. नेताना अन्नपाणी पुरवणे बंधनकारक आहे. वाळवंटात हे कलम सर्वांत महाग पडते, कारण पहारेकऱ्यांचे पाणीही त्याच टँकरमधून येत असते.

याशिवाय तुकडीपासून तुटलेले जवान गोळा करून परत पाठवायचे, गावे सोडून निघालेल्या लोकांना लष्करी वाटेवरून बाजूला वळवायचे, रिकाम्या घरांत आपलेच कोणी हात मारणार नाही यावर नजर ठेवायची. शेवटचे काम सगळ्यांत नावडते. अटक करायची ती आपल्याच गणवेशातल्या माणसाला.

या अटकेला कायद्याची चौकट आहे. आर्मी ॲक्ट, १९५०च्या कलम १०७प्रमाणे प्रोव्होस्ट मार्शल (लष्करी पोलिसांचा अधिकारी) आणि त्याच्या हाताखालचे लोक या कायद्याखाली येणाऱ्या गुन्हेगाराला अटक करू शकतात. स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊ शकत नाहीत. अधिकाऱ्याला पकडायचे तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो.