जुना ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वी

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर इतकीच आहे. एवढ्या क्षेत्राच्या उत्पन्नातून नव्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडणे कठीण, आणि बैलजोडी वर्षभर पोसणेही आता सोपे राहिलेले नाही. या पेचात सापडलेला शेतकरी साहजिकच जुन्या ट्रॅक्टरकडे वळतो. बहुधा घरातील सोने तारण ठेवून किंवा नातेवाइकांकडून उसनवारी करून तो पैसा उभा करतो. व्यवहाराच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करण्यास मात्र गावातील गुरुजी, पंचायत सदस्य अथवा ग्रामसेवक यांनाच बोलावणे येते. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयाचे झाल्यास ते कोणते असावेत, हे या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न ट्रॅक्टर किती वर्षांचा आहे हा नव्हे, तर त्याने आजवर कोणते काम केले, हा होय. वीस वर्षे एकाच घरी नांगरणी-पेरणी केलेला आणि वेळच्या वेळी तेलपाणी झालेला ट्रॅक्टर सहा वर्षांच्या दमलेल्या ट्रॅक्टरपेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. तासमापकाचा आकडा पाहून समाधान मानण्याची पद्धत आहे, परंतु जुन्या यांत्रिक तासमापकाची जोडणी इंजिनच्या फेऱ्यांशी असते. इंजिन ठरावीक वेगाने फिरत असेल तरच त्यावरील एक तास हा खरोखर एक तास असतो. हळू चालविलेल्या यंत्राचे तास तो कमी दाखवितो. शिवाय त्याची तार तुटलेली असणे, किंवा मापकच बदललेला असणे, हेही नित्याचेच आहे.

कामाच्या खुणा यंत्राच्या अंगावर

पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील ऊस पट्ट्यात अनेक ट्रॅक्टर गळीत हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत कारखान्याच्या वाटेवर असतात. अशा ट्रॅक्टरचे इंजिन कदाचित ठीक असेल, पण क्लच, ब्रेक आणि मागील आसातील दातेरी चक्रे यांनी मोठा भार सोसलेला असतो. मागील बाजूस ट्रॉली जोडण्याच्या पट्टीतील छिद्र पाहावे. पिनेचे गोल छिद्र झिजून लांबट झाले असेल, तर त्या यंत्राने आयुष्याचा बराच भाग शेतात नव्हे, रस्त्यावर घालविला असे समजण्यास हरकत नाही. डांबरी रस्त्यावर फिरलेल्या मागील टायरच्या नक्ष्याही मध्यभागी सपाट झालेल्या आढळतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा कोकणातील भातपट्ट्यात प्रश्न निराळा असतो. चिखलणीच्या वेळी चाकाच्या आसापर्यंत पाणी व गाळ येतो. सील खराब असल्यास तो गाळ ब्रेकमध्ये, पुढील चाकांच्या बेअरिंगमध्ये आणि मागील आसाच्या तेलातही शिरतो. मागील पेटीतील थोडे तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे हे निश्चित. बोटांवर चोळल्यावर खरखर लागली तर मातीही गेली आहे.

मळणी यंत्रावर किंवा पाणी उपसण्यावर उभा राहून राबलेला ट्रॅक्टर सर्वांत फसवा. त्याचे टायर नव्यासारखे, पत्राही चकचकीत. पण इंजिन हजारो तास चाललेले असते. अशा ठिकाणी मागील पी.टी.ओ. दांड्याचे दाते झिजले आहेत काय, हे हाताने चाचपून पाहिले की पुरे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. मालमोटारीला असते तशी स्वतंत्र लोखंडी चौकट बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लचची पेटी, गिअरपेटी आणि मागील आस एकमेकांना बोल्टांनी जोडून यंत्राचा कणा तयार होतो. या सांध्यांपाशी भेग, वेल्डिंगची रेघ अथवा सर्वत्र जुना रंग असताना तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर ट्रॅक्टर कधीतरी उलटला असावा किंवा त्याच्यावर शक्तीबाहेरचा भार पडला असावा. अशा यंत्राचा विचार सोडून द्यावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. इतर बहुतेक दोष पैसे खर्चून दुरुस्त होतात. मोडलेला कणा क्वचितच भरवशाचा होतो.

इंजिन थंड असतानाच पाहावे

विक्रेत्यास आगाऊ वेळ कळवून गेल्यास तो इंजिन तापवून ठेवतो. म्हणून सकाळी लवकर, शक्य तर न कळविता जावे आणि प्रथम बॉनेटखाली हात लावून इंजिन गार असल्याची खात्री करावी. तापलेले इंजिन कसलेही असले तरी लगेच सुरू होते. खरी परीक्षा गार इंजिनची.

सुरू करण्यापूर्वीच तीन ठिकाणी पाहावे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय दिसते काय? डिपस्टिकवरील तेल दुधाळ झाले आहे काय? यांपैकी काहीही आढळल्यास पाणी व तेल आतल्या आत एकत्र होत आहे, म्हणजे हेड गॅस्केट तरी गेले आहे किंवा हेडला अथवा ब्लॉकला तडा आहे. (रेडिएटरचे झाकण तापलेल्या इंजिनवर कदापि उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो.) तिसरी जागा हवा गाळण्याची. जुन्या ट्रॅक्टरांत एअर क्लीनरच्या तळाशी तेलाची वाटी असते. तीत चिखलाचा थर साचला असेल, आणि तेथून इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या आतही धूळ असेल, तर ती धूळ इंजिनने वर्षानुवर्षे गिळलेली आहे. मालकाने यंत्राची निगा किती राखली, हे ही वाटी मालकाच्या तोंडच्या शब्दांपेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांगते.

इंजिन सुरू झाल्यावर धूर पाहावा. गार इंजिनचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला तर चिंता नाही. तापल्यावरही तो चालू राहिला तर पाणी आत जात असण्याचा संभव असतो. काळा धूर बहुधा डिझेल पंप, नोझल किंवा तुंबलेला एअर क्लीनर यांचा दोष दाखवितो, आणि त्यावर उपाय आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. त्याच वेळी इंजिनच्या श्वासनळीतून फक्‌फक्‌ करीत धूर बाहेर पडत असेल, तर लायनर-पिस्टन बदलण्याची वेळ आली आहे असे समजून तो खर्च किमतीतून वजा करावा. तापल्यानंतर मंद गतीवर तेलाच्या दाबाचा काटा खाली बसत असेल, तर बेअरिंगही झिजलेली असू शकतात.

मग ट्रॅक्टर शेतात न्यावा. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून लिफ्ट वर उचलावी, इंजिन बंद करावे आणि पंधरा मिनिटे थांबावे. अवजार किंचित खाली आले तर चालेल. पण चहा पिऊन होण्याच्या आत ते जमिनीस टेकले, तर लिफ्टचे काम निघणार. प्रत्येक गिअरमध्ये भार देऊन चालवावे, आणि गिअर आपोआप सुटतो काय ते पाहावे. दोन्ही ब्रेक पेडल जोडून मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक लावावा. यंत्र एका बाजूस ओढले गेले तर ट्रॉली मागे असताना ते किती धोक्याचे ठरेल, हे सांगावयास नको. स्टिअरिंगमधील ढिलाई, पुढील आसाचे बुश, सेल्फ, बॅटरी, दिवे ही तपासणी गावचा मिस्त्रीही करू शकतो. मागील टायरची जोडी मात्र महाग असते, म्हणून तिची किंमत आधी विचारून ठेवावी.

सुटे भाग

काही जुनी मॉडेले जाणकारांच्या विशेष आवडीची आहेत. झेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने तयार झालेल्या एच.एम.टी. झेटरचे चाहते आजही भेटतात. परंतु पिंजोर येथील एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली. अशा बंद पडलेल्या कारखान्याचा ट्रॅक्टर घेताना तालुक्याच्या गावी त्याचा डिझेल पंप, क्लच प्लेट आणि लायनर मिळतात काय, याची दुकानात जाऊन चौकशी करावी. पेरणीच्या तोंडावर एका सुट्या भागासाठी चार दिवस थांबावे लागले, तर वाफसा निघून जातो.

कागद

दुसरा प्रश्न कागदाचा. आणि साक्षीदारांनी खरे लक्ष घालावयाचे ते येथे. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर करार करून, नोटरीचा शिक्का घेऊन ट्रॅक्टर घरी नेला म्हणजे मालकी आली, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, वाहन त्याच राज्यात नोंदलेले असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. त्यासाठी अनुक्रमे नमुना २९ व नमुना ३० आहेत. ही नोंद न झाल्यास अपघाताचे दायित्व कोणावर पडते, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. ज्याचे नाव नोंदणीपुस्तकात आहे त्यालाच मालक समजले जाईल, मग वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेले असो. म्हणजे हस्तांतराची निकड विक्रेत्यालाही तितकीच आहे, हे त्याला समजावून सांगितल्यास सह्या लवकर मिळतात.

नोंदणीपुस्तकावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मूळ मालक मयत असेल तर मुलाच्या तोंडी संमतीने भागत नाही. नमुना ३१ भरून वारसाचे नाव आधी लागले पाहिजे. ट्रॅक्टर परराज्यातून आलेला असल्यास तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते. ट्रॅक्टर शासकीय अनुदानातून घेतलेला असल्यास मंजुरीपत्रात विक्रीविषयी काही अट आहे काय, हे कृषी कार्यालयात पाहून घ्यावे. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते, आणि पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपलेला ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो खरा, पण तपासणीसाठी तो पुन्हा कार्यालयात उभा करण्याचा खर्च खरेदीदाराच्या माथी येतो. ट्रॉलीची नोंद स्वतंत्र असते, ती विसरू नये. विमाही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा.

इंजिन व चासीवर कोरलेले क्रमांक डोळ्यांनी वाचून चालत नाही. त्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी. उमटलेले अंक नोंदणीपुस्तकाशी एकेक करून जुळवावेत, आणि तो कागद करारासोबत टाचून त्यावर साक्षीदारांनी तारीख घालावी.