एल्विसला नकार

१९७० च्या दशकाच्या मध्यावर एल्विस प्रेस्लीला एखाद्याचं गाणं आवडलं, तर त्या माणसाचं नशीब उघडलंच म्हणायचं. डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ त्याला आवडलं होतं आणि रेकॉर्डिंगही ठरलं होतं. ऐन वेळी त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याने अट घातली: एल्विस गाणार असेल, तर गाण्याच्या प्रकाशन-हक्काचा अर्धा हिस्सा आमचा. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली.

हा नकार देणारी बाई कोण? टेनेसीच्या स्मोकी डोंगरांत १९४६ साली एका खोलीच्या घरात जन्मलेली, बारा भावंडांतली चौथी. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉक्टरची फी त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं देऊन भागवली. १९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलला निघाली. तिथे मामाबरोबर तिने स्वतःची संगीत-प्रकाशन कंपनी काढली. गाणी अजून धड गाजलीही नव्हती, पण त्यांची मालकी घरात राहील याची सोय आधी झाली होती! मला तर तिच्या आवाजाइतकंच याचं नवल वाटतं.

कारण गाणं ही कायद्याच्या नजरेत एक वस्तू नसून दोन आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, एखाद्याने ते गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचा वेगळा. गाणं एकदा बाजारात आलं, की अमेरिकेत कोणीही ते नव्याने रेकॉर्ड करू शकतो. फक्त ठरलेला मोबदला द्यायचा. त्या काळी हा दर होता प्रतीमागे २ सेंट, आणि तो १९०९ पासून तसाच होता. ही चिल्लर गीतकार आणि प्रकाशक वाटून घेत. डॉली दोन्ही होती. पार्करला हवा होता तो या चिल्लरीतला वाटा, आणि तोही कायमचा.

याउलट आपल्याकडे सिनेमासाठी लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकरकमी पैसे घेऊन हक्क निर्मात्याच्या हवाली केले. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांनी सही करून दिला तरी जाणार नाही, ही तरतूद यायला २०१२ साल उजाडलं.

डॉलीने ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ लिहिलं होतं ते पोर्टर वॅगनरसाठी. त्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती १९६७ पासून गात होती. आता तिला स्वतंत्र व्हायचं होतं आणि तो तिला सोडायला तयार नव्हता. भांडून उपयोग होईना, म्हणून गाण्यातून निरोप घेतला. गाणं १९७४ मध्ये कंट्री संगीताच्या यादीत पहिलं आलं. १९८२ मध्ये तिने ते एका चित्रपटासाठी पुन्हा गायलं आणि ते पुन्हा पहिलं आलं. एव्हाना तिचं ‘नाइन टू फाइव्ह’ हे गाणंही गाजलं होतं. त्यातला टाइपरायटरसारखा टकटकाट म्हणजे तिची लांब नखं एकमेकांवर वाजवून काढलेला ताल. अल्बमवर नखांचं श्रेयही छापलं आहे.

मग १९९२ साली ‘द बॉडीगार्ड’ हा चित्रपट आला. व्हिटनी ह्यूस्टनने त्याच निरोपाच्या गाण्याला जो आवाज दिला, त्याने ते सलग १४ आठवडे अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिलं राहिलं. इथे कायद्याची आणखी एक गंमत आहे. अमेरिकेतलं एफएम रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं, तेव्हा पैसे मिळतात गीतकाराला आणि प्रकाशकाला. गायकाला काहीच नाही. म्हणजे रेडिओवर आवाज घुमत होता व्हिटनीचा आणि पैसे जमा होत होते डॉलीच्या खात्यात. गायकांवर हा अन्याय आहे असं माझं मत आहे, पण तो नियम अजून तसाच आहे.

त्या पैशातून डॉलीने नॅशव्हिलच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत इमारतींचं एक संकुल विकत घेतलं. ही जागा व्हिटनीने बांधलेली आहे, असं ती स्वतःच सांगते.