पाण्यावरील स्कूटर सुरू कां होत नाहीं?

चारठाण्यास जुनीं देवळें आहेत, बारव आहे. समुद्र मात्र येथून फार दूर आहे. तथापि सुटींत मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यास जो कोणी जातो, त्याच्या दृष्टीस लाटांवरून भरधाव धांवणारी वॉटर स्कूटर पडल्यावांचून राहत नाहीं. हिलाच जेट स्की असेंही म्हणतात. हिच्या पोटांत मोटारीसारखें इंजिन असतें. तें पंख्यासारखें एक चक्र फिरवितें. चक्र खालून पाणी ओढून घेऊन मागील तोंडांतून जोरानें फेंकतें. पाणी मागें गेलें कीं वाहन पुढें जातें. इ.स. १९६८ मध्यें कॅनडांतील बोंबार्डिए कंपनीनें असें एक वाहन बाजारांत आणलें, आणि पुढें त्या जातीच्या वाहनांचा प्रसार जगभर झाला.

हें इंजिन सुरू करण्यास विजेवांचून दुसरा उपाय नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. मोटारसायकलची बॅटरी उतरली तर पुष्कळदां किकेवर काम भागतें. ट्रॅक्टरचा सेल्फ लागला नाहीं तर चार गडी धक्का देतात, किंवा तो उतारावर सोडतात. पाण्यावर धक्का देऊन उपयोग नाहीं. कारण इंजिनास फिरविणारीं चाकेंच तेथें नाहींत. किनाऱ्यापासून दूर इंजिन बंद पडून पुन्हा लागलें नाहीं, तर स्वार वारा आणि ओहोटी यांच्या स्वाधीन होतो. म्हणून या दोषाचें निदान किनाऱ्यावरच झालें पाहिजे.

पूर्वीं मोटारीचें इंजिन लोखंडी हँडलानें फिरवीत. हँडल उलट फिरलें कीं मनगट मोडे. इ.स. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्लस केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेचा स्टार्टर आला आणि तो धोका टळला. वॉटर स्कूटरमध्येंही तीच योजना आहे. ती समजण्यास शेतांतील विहिरीवरचा पंप आठवावा. पेटीवरील हिरवें बटण दाबलें म्हणजे आंतील कॉइलला थोडी वीज मिळते. कॉइल लोहचुंबक होऊन धातूच्या पट्ट्या ओढते, आणि त्या पट्ट्यांतून पंपाची मोठी वीज वाहूं लागते. येथेंही असेच दोन मार्ग आहेत. लहान मार्ग फ्यूज, सुरक्षा-दोरीचा स्विच व बटण यांतून रिलेच्या कॉइलकडे जातो. मोठा मार्ग बॅटरीपासून रिलेच्या जाड टोकांतून स्टार्टर मोटरकडे जाऊन इंजिनाच्या अंगांतून बॅटरीकडे परत येतो. दोष कोणत्या मार्गावर आहे हें कळलें, म्हणजे अर्धें निदान झालें.

कामास आरंभ करण्यापूर्वीं आसन उघडून आंतील हवा मोकळी होऊं द्यावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें ती तळाशीं सांचते व एका ठिणगीनें भडका उडतो. कित्येक कारागीर रिलेचीं दोन जाड टोकें स्क्रू-ड्रायव्हरनें जोडून परीक्षा पाहतात. या बंद पोटाच्या वाहनांत ती रीत सर्वथा त्याज्य समजावी. पेट्रोलचा वास येत असेल तर बटणासही हात लावूं नये. आणि परीक्षा चालू असतां खालच्या जाळीजवळ कोणी हात नेऊं नये.

त्यानंतर सुरक्षा-दोरी जागेवर आहे ना, हें पाहावें. ती स्वाराच्या मनगटास किंवा जाकिटास बांधलेली असते. स्वार पाण्यांत पडला कीं ती निघते आणि इंजिन थांबतें. तिच्यावांचून इंजिन लागत नाहीं, हा दोष नसून तिचा गुण होय. मग बटण दाबून कान द्यावा. कांहींच आवाज नसेल तर बॅटरीचा किंवा लहान मार्गाचा संशय घ्यावा. नुसतें ‘टक्’ वाजलें तर दोष बहुधा बॅटरींत किंवा मोठ्या मार्गावर असतो. मोटर कण्हत हळूं फिरली तर बॅटरी अशक्त किंवा जोड सैल समजावा. मोटर जोरानें फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर तो दोष स्टार्टरचा नव्हे. पेट्रोल वा ठिणगी यांकडे वळावें.

आतां मीटर हातीं घ्यावा. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ ठेवली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी जाणावी. परंतु केवळ या आंकड्यावर विसंबूं नये. रिकाम्या पोटाचा गडीही बसला असतां धडधाकट दिसतो. ओझें उचलतांना त्याची खरी शक्ति कळते. म्हणून चार-पांच सेकंद बटण दाबून मोजावें. आंकडा सुमारें ९.६ च्या खालीं कोसळला, तर बॅटरी भरून पुन्हा तपासावी. पावसाळ्यांत किनाऱ्यावरील जलक्रीडा बंद असते. त्या काळांत पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. हंगामानंतर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचीही हीच गत होते.

बॅटरी उत्तम असेल तर जोड तपासावे. खाऱ्या पाण्यानें तांब्यावर हिरवा गंज चढतो; वरून घट्ट दिसणारा जोड आंतून पोखरलेला असतो. बटण दाबलें असतां मीटरचीं दोन टोकें एकाच तारेच्या दोन्ही अंगांस लावावीं. चांगल्या तारेवर आंकडा शून्याजवळ राहतो. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसला तर वीज तेथेंच अडते आहे.

रिलेच्या कॉइलला वीज पोंचूनही ‘टक्’ होत नसेल तर रिले दोषी. वीजच पोंचत नसेल तर फ्यूज, दोरीचा स्विच व बटण क्रमानें पाहावें. ‘टक्’ होऊनही पलीकडे वीज नसेल तर रिलेच्या आंतील पट्ट्या जळाल्या असें समजावें. मोटरपर्यंत पुरते व्होल्ट पोंचूनही ती निश्चल राहिली, तरच तिजकडे बोट दाखवावें. आणि तेव्हांही सिलिंडरांत पाणी शिरलें नाहीं ना, हें आधीं पाहावें. पाणी दाबलें जात नाहीं. म्हणून इंजिन अडतें, आणि जोर केल्यास आंतील दांडे वांकतात.

सर्वांत शेवटीं दोषी ठरावी अशी ही मोटर पुष्कळ लोक सर्वांत आधीं बदलतात. पैसा जातो व दोष जागच्या जागीं राहतो. तर्कानें वस्तु बदलणें आणि मोजून कारण शोधणें यांतील अंतर शिकण्यास समुद्रापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल आहे, त्या विद्यार्थ्यांनीं वडील माणसांच्या देखत बॅटरी प्रथम स्वस्थ असतां व मग सेल्फ मारतांना मोजावी, आणि दोन्ही आंकडे तारखेसह वहींत टिपावे. हातांतील अंगठी वा कडें मात्र आधीं काढून ठेवावें. बॅटरीच्या दोन टोकांमध्यें धातु सांपडला तर तो क्षणांत तापून लाल होतो. जोड सोडतांना ऋण टोक प्रथम काढावें, आणि बसवितांना तें शेवटीं लावावें.