नव्या प्रशिक्षकाकडून काय मागावे?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हरणाऱ्या संघाला सल्ला देणारे तीन प्रकारचे लोक असतात. पहिला म्हणतो, खेळाडू बदला. दुसरा म्हणतो, पदाधिकारी बदला. तिसरा म्हणतो, प्रशिक्षक बदला. अकरा चांगले खेळाडू एका रात्रीत मिळत नाहीत आणि पदाधिकारी स्वतःला कधी बदलत नाहीत. म्हणून बहुतेक वेळा तिसऱ्याचे ऐकले जाते. जगभर हेच चालते; मग तो युरोपातला कोट्यधीश क्लब असो, नाहीतर आपल्या तालुक्यातल्या कॉलेजचा संघ असो.

आमच्या मंडणगडाकडे फुटबॉलची मोठी परंपरा नाही. इथला मुलगा कबड्डी खेळतो आणि भात कापून झाले की मोकळ्या मळ्यात क्रिकेट खेळतो. तरीही २०२५च्या ऑगस्टमध्ये भारतीय फुटबॉल संघासाठी नवा प्रशिक्षक निवडला गेला, तेव्हा मला ती बातमी आपल्या घरातली वाटली. निवडलेला माणूस मुंबईच्या मैदानांवर वाढलेला होता, आणि निवडीमागचा प्रश्न प्रत्येक संस्थेला कधी ना कधी पडणारा होता.

आधी परिस्थिती पाहू. २०२४ या सबंध वर्षात भारतीय संघाने एकही सामना जिंकला नव्हता. जूनमध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडल्यावर क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच यांना काढण्यात आले. जुलैत स्पेनचे मानोलो मार्केझ आले. पण ते त्याच वेळी एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. एक पाय गोव्यात आणि एक राष्ट्रीय संघात. आठ सामन्यांत एक विजय मिळाला आणि जून २०२५मध्ये हाँगकाँगकडून हरल्यावर तेही गेले. जागतिक क्रमवारीत भारत १३३व्या क्रमांकावर घसरला.

मग जाहिरात निघाली. १७० अर्ज आले. त्यांत स्पेनचा विख्यात खेळाडू शावी याच्या नावाचाही ई-मेल होता. काही काळ देशभर चर्चा झाली; मग तो अर्ज खरा नसल्याचे महासंघाने जाहीर केले. आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने अर्ज चाळून तीन नावे पुढे ठेवली: पूर्वी दोनदा भारताला शिकवलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच आणि आपले खालिद जमील. १ ऑगस्टला कार्यकारी समितीने जमील यांची निवड केली. २०११-१२मध्ये गोव्याचे साव्हियो मेदेरा या जागी होते. त्यांच्यानंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस तिथे आला.

जमीलच का? त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट सांगतो. २००९पासून सात वर्षे ते मुंबई एफसी या क्लबचे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, तरी संघ दरवर्षी वरच्या लीगमध्ये टिकून राहायचा. २०१६मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. ते मिझोरामच्या ऐजॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे त्याला परत घेतले होते. मुंबईहून जयेश राणे, आशुतोष मेहता असे खेळाडूही तिकडे गेले. २०१६-१७च्या मोसमात ऐजॉल ३७ गुण मिळवून आय-लीगचा विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. आणि मुंबई एफसी? त्याच मोसमात तळाला गेला.

ही गोष्ट ऐकून कोणीही म्हणेल, पाहा, प्रशिक्षक म्हणजे परीस. पण थोडे थांबा. २०२१मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ अडखळत असताना मोसमाच्या मध्यावर जमील यांच्याकडे आला आणि त्यांनी त्याला उपांत्य फेरीत नेले. पुढच्या मोसमात तोच क्लब, तेच प्रशिक्षक, आणि अकरा संघांत दहावा क्रमांक. परीस एका वर्षात बोथट झाला का? नाही. परीस नव्हताच. चांगला कारागीर होता, आणि कारागिराला लाकूड लागते.

क्रिकेटमधले चंद्रकांत पंडित हे याचे दुसरे उदाहरण. मुंबई संघाने त्यांना सोडल्यावर २०१७मध्ये ते विदर्भाकडे गेले. ज्या विदर्भाने रणजी करंडक कधी पाहिला नव्हता, त्याने तो २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा जिंकला. पुढे २०२२मध्ये त्यांच्या मध्य प्रदेशाने अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवले. तेच पंडित कोलकात्याच्या आयपीएल संघाकडे गेले. २०२३मध्ये संघ सातवा आला, २०२४मध्ये विजेता झाला, २०२५मध्ये आठवा. माणूस तोच, शिस्तही तीच. विदर्भात त्यांच्या हाती फैज फझलसारखा कर्णधार, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज आणि रजनीश गुरबानीसारखा तरुण गोलंदाज होता, हेही विसरून चालत नाही.

मग नवा प्रशिक्षक आला की संघ सुधारतो, असे आपल्याला का वाटते? बास तेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या नेदरलँड्सच्या क्लबांचा हिशेब मांडला. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारत होते, हे खरे निघाले. पण तितकीच घसरगुंडी होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही जवळजवळ तितकेच सुधारत होते. कोकणातल्या माणसाला हे समजायला सोपे आहे. मेअखेर विहीर तळ गाठते आणि जूनमध्ये भरते. जो ३१ मेला नवा रहाट बसवतो, त्याला वाटते की आपल्या रहाटाने पाणी आले. आपल्याकडे म्हणतातच, नव्याचे नऊ दिवस.

याचा अर्थ प्रशिक्षक कोणीही चालेल असा नाही. निवडताना काय पाहायचे, एवढाच प्रश्न आहे. उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची रीत आहे. शागीर्द आपली गझल उस्तादांपुढे ठेवतो. चांगला उस्ताद एखादा शब्द हलवतो आणि शेर उभा राहतो; पण तो शेर शागिर्दाचाच राहतो. कच्चा उस्ताद सगळी गझल स्वतः लिहून देतो आणि शागीर्द जिथल्या तिथे राहतो. प्रशिक्षकाच्या बाबतीत पहिली कसोटी हीच. त्याने किती करंडक जिंकले, यापेक्षा हाती आलेल्या खेळाडूंना त्याने कुठून कुठे नेले, ते पाहावे. दुसरी कसोटी आपली स्वतःची: आपण त्याला किती वेळ देणार? आणि तिसरी: खेळाडू निवडण्याचा, सराव ठरवण्याचा अधिकार त्याला खरोखर देणार की नुसती खुर्ची देणार?

जमील यांचे पुढे काय झाले, ते या तिसऱ्या प्रश्नाशी जोडून पाहा. सप्टेंबर २०२५मध्ये मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. लगेच जुना सूर निघाला: प्रशिक्षक बदला! पण त्याच वर्षी देशातली मुख्य लीग करारांच्या घोळामुळे ठरल्या वेळी सुरूच झाली नव्हती. मोहन बागानने मध्य आशियाच्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडले नव्हते. ज्यांचे पाय महिनोन्‌महिने सामन्याला लागले नाहीत, त्यांना उस्ताद काय शिकवणार?

भारतीय फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मुळात शाळामास्तर होते. त्यांच्या संघाने १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. १९५०पासून १९६३मध्ये निधन होईपर्यंत संघाची सूत्रे त्यांच्याकडे राहिली. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच संघाने युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा मार खाल्ला होता. तेव्हा रहीम साहेबांना घरी पाठवले असते, तर मेलबर्न दिसले असते का?

आपल्या तालुक्यांतही प्रशिक्षक म्हणजे बहुधा एकच क्रीडाशिक्षक असतो. मैदान त्यानेच आखायचे, चेंडू त्यानेच फुगवायचे, मुलांचे एसटीचे पासही त्यानेच बघायचे. विभागीय स्पर्धेत संघ हरला की बैठकीत पहिले नाव त्याचे निघते. ते जरूर काढावे. जबाबदारी त्याचीही असतेच. पण त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलांना वर्षभरात सामने किती मिळाले? चार महिन्यांच्या पावसात सरावाची सोय काय होती? आणि गेल्या वर्षी जो मुलगा चेंडू अडवू शकत नव्हता, तो आता अडवतो का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर त्या शिक्षकाला पुढचे वर्ष द्यावे.